वरच्या चौकटीतून खालच्या चौकटीत

१

गुरुवारी सकाळी झ्लातीनाच्या खिडकीसमोर दोन बूट येऊन थांबले आणि जागच्या जागी चुळबुळत राहिले.

झ्लातीनाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तळघरात होतं, आणि काउंटर म्हणजे फुटपाथला टेकलेली खिडकी. राजधानी सोफियात अशी दुकानं गल्लोगल्ली सापडतात, त्रोयानसारख्या लहान गावात मात्र हे एकच. ज्याला काम असेल त्यानं उकिडवं बसायचं, मग तो नगराध्यक्ष का असेना. सात वर्षांत ती माणसांना चेहऱ्याआधी बुटांवरून ओळखायला लागली होती. हे मातीनं माखलेले तपकिरी बूट इस्क्रा वुल्चानोवाचे होते.

“अगं, बस तरी,” झ्लातीना आतून म्हणाली.

इस्क्रा बसली. तिनं खिडकीत दोन डिस्क ठेवल्या. एक जुनी, ओरखडे पडलेली. दुसरी कोरी करकरीत.

“दोन्ही रिकाम्या आहेत.”

“दोन्ही कशा असतील?”

“ते तू सांग. सोपं आहे म्हणाली होतीस ना?”

झ्लातीनाच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्या डिस्कमध्ये काय होतं ते तिला ठाऊक होतं, तसं ते साऱ्या गावालाच ठाऊक होतं. इस्क्राचे वडील, कुंभार उस्ताद मिन्को, सहा महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या भांड्यांवर जो हिरवा रंग चढायचा तो दुसऱ्या कुणाला साधला नाही. रंगाची मापं, भट्टीची आच, कुठल्या टेकडीची माती कुठल्या महिन्यात खणायची, हे चाळीस वर्षांचं सगळं इस्क्रानं वह्यांमधून आणि त्यांच्या तोंडून उतरवून त्या एका डिस्कमध्ये भरलं होतं. भरून झालं तसं म्हाताऱ्यानं वह्या भट्टीत टाकल्या. दोन ठिकाणी ठेवलेली गोष्ट कुणाचीच राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. इथले जुने कुंभार असेच. गुपित एका हातात राहायचं आणि एका हातातूनच दुसऱ्या हातात जायचं.

पण उन्हाळा सरता सरता डिस्क खरखरायला लागली. झ्लातीना म्हणाली, ही मरण्याआधी हिची हुबेहूब दुसरी करून घ्या. उस्तादांची डिस्क घराबाहेर न्यायची नाही ही घरची रीत, तेव्हा काम घरच्यांनीच करायचं ठरलं, आणि त्यांना जमेल असा प्रोग्रॅम निवडायला झ्लातीनानं तीन दिवस घालवले. असे प्रोग्रॅम पैशाला पासरी मिळतात. कुणात चाळीस बटणं, तर कुणी सुरू करण्याआधी सतरा प्रश्न विचारणार. तिचा नियम एकच होता: ज्यात चुकायला जागा कमी, तो चांगला. तिनं निवडलेल्यात दोनच चौकटी होत्या. वरच्या चौकटीत जुनी डिस्क, खालच्या चौकटीत नवी, मध्ये एक बटण. तरीही तिनं एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं, ‘वरून खाली. घाई नको.’ मागच्या शनिवारी तो कागद, प्रोग्रॅम आणि दुप्पट जागेची नवी डिस्क तिनं इस्क्राच्या हाती दिली होती.

“काल गालिननं केलं,” इस्क्रा म्हणाली. गालिन म्हणजे तिचा नवरा. “मी बाजारात होते. उलटं केलं म्हणे त्यानं. रिकामी ओतली भरलेलीवर. मापं गेली, बाबांचे फोटो गेले. तो नाकाला माती लागलेला, हसतानाचा... तेवढा एकच होता गं, दुसरीकडे कुठेच नव्हता.”

तिचे डोळे भरून आले. त्या पाण्यात झ्लातीनाला काही खोट दिसली नाही. तिनं दोन्ही डिस्क ठेवून घेतल्या.

जुनीवर तिनं पुसलेलं परत आणणारे सगळे प्रोग्रॅम चालवून पाहिले. शून्यांशिवाय काही हाती लागलं नाही. मग नवी जोडली. ती होती हजार जीबीची, पण दाखवत होती पाचशेच. उरलेली अर्धी जागा न नांगरलेल्या वावरासारखी पडून होती. झ्लातीनाच्या मनाला काहीतरी टोचलं, पण तेवढ्यात फोन वाजला.

वाचनालयाच्या मुख्य बाई होत्या. इस्क्राला जाऊन पुरता अर्धा दिवसही झाला नव्हता, बातमी मात्र नदीपलीकडे पोचली होती. वाचनालयाच्या वीस कॉम्प्युटरच्या डिस्क बदलायचं काम झ्लातीनाला मिळणार होतं. त्या कामावर दुकानाचा हिवाळा निघणार होता.

“सोमवारी पुन्हा विचार करू म्हणते,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे जुनी वर्तमानपत्रं आहेत हो त्यात. तीही अशीच गेली तर?”

२

त्या दिवशी खिडकीसमोर एकही गुडघा वाकला नाही. शुक्रवारी सकाळीही नाही. बूट यायचे, जरा रेंगाळायचे आणि पुढे जायचे. दुपारी झ्लातीनाला आत बसवेना. तिनं शटर ओढलं आणि ती वुल्चानोवांच्या दुकानी गेली.

गालिन गल्ल्यामागे बसला होता. एरवी हा माणूस दारातल्या मांजरालासुद्धा सुरई विकेल. आज दाढी वाढलेली, पुढ्यातली चीज भरलेली, पापुद्र्यांची बानित्सा थंड होऊन कडक झालेली.

“मला दाखवायला आलीस का लोकांना?” तो म्हणाला. “हा बघा, ज्यानं सासऱ्याची चाळीस वर्षं चाळीस मिनिटांत पुसली.”

“मला फक्त सांगा, काय काय केलंत.”

“तुझा कागद समोर ठेवला होता. इस्क्रानं दोन्ही डिस्क जोडून ठेवल्या होत्या. मी चौकटी भरल्या, बटण दाबलं.”

“वर कुठली घातली होती?”

“जुनी. म्हणजे मला वाटलं जुनी. पण नसणार ना? असती तर हे झालंच नसतं.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “सोपं, सोपं म्हणून देता तुम्ही लोक. अवघड दिलं असतंस तर मी हातच लावला नसता.”

हा टोला झ्लातीनाला लागला, कारण त्यात थोडं खरं होतं.

“मध्ये काही बोलला का प्रोग्रॅम? काही लाल अक्षरं वगैरे?”

“काही नाही. हिरवा पट्टा सरकत गेला, भरला, ‘झालं’ म्हणाला.”

“आणि मापं हवी होती कुणाला?”

“मलाच.” तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. “सोफियातल्या फरशांच्या कारखान्याला शब्द दिला होता. एक ऑक्टोबरला मापं त्यांच्या हाती. इस्क्रा आधी नको म्हणत होती, मग झाली तयार. आता काय देऊ त्यांना? तुझा कागद?”

बाहेर पडताना झ्लातीनाच्या डोक्यात भुंगा लागला होता. ज्याला ती मापं विकायची होती तो ती मुद्दाम कशाला पुसेल? म्हणजे चूकच झाली असणार. आणि चूक झाली असेल, तर ती होऊ देणारा प्रोग्रॅम तिनंच निवडला होता.

३

शनिवारी तिनं ल्युतेनित्सा करायला घेतली. सप्टेंबरात त्रोयानमध्ये प्रत्येक घरातून भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास येतो, आणि ज्याला स्वस्थ बसवत नाही त्याच्यासाठी यासारखं काम नाही. मिरच्या सोल, टोमॅटो आटव, चटणी बरण्यांत भर. लहान बरण्या संपल्या म्हणून तिनं एक मोठी भरली. मग फडताळामागे एक लहान सापडली, तेव्हा मोठीतली चटणी तिच्यात ओतायला गेली आणि ओट्यावर लाल ओघळ आला.

मोठ्या बरणीतलं लहानीत कसं मावेल?

ती तशीच थांबली, डाव हातात. मग हातसुद्धा न धुता खाली तळघरात धावली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. हा प्रोग्रॅम निवडण्याचं एक कारण ती स्वतःच विसरली होती. तो आत काय भरलंय ते बघतच नाही. तो फक्त आकार बघतो. खालची डिस्क वरचीपेक्षा लहान असली की सरळ पाय रोवून उभा राहतो.

तिनं नवी डिस्क वरच्या चौकटीत घातली, जुनी खालच्या. गालिननं केली म्हणत होते तीच चूक तिनं मुद्दाम केली. बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ आली: ‘खालची डिस्क लहान आहे. काम होणार नाही.’ तिनं पाच वेळा दाबलं. पाचही वेळा तेच.

म्हणजे गालिनच्या हातून ती चूक होणं शक्यच नव्हतं. त्यानं केलं ते बरोबर केलं होतं, वरून खाली. म्हणून तर नवी डिस्क अर्धीच दिसत होती. लहान बरणीतलं मोठीत ओतलं की मोठी अर्धी रिकामी राहणारच. फक्त लहान बरणीत ओतण्यासारखं काही नव्हतंच. गालिननं मोठ्या काळजीनं पोकळीची नक्कल केली होती.

बुधवारच्या आधी कुणीतरी उस्तादांची डिस्क पुसून ठेवली होती, आणि साधी नव्हे, टोकापासून टोकापर्यंत शून्यं भरून पुसली होती. झ्लातीनाला जरा हायसं वाटलं, पण जराच. हे ती कुणाला सांगणार? नाचता येईना अंगण वाकडं, म्हणेल गाव. कुणी पुसली हे कळल्याशिवाय या लाल ओळीला कवडीची किंमत नव्हती.

डिस्क असायची त्या कार्यशाळेची किल्ली तिघांकडे होती. इस्क्रा, गालिन आणि रादोस्लाव. प्रोग्रॅमला दोष देता देता गावातल्या काही जिभांनी त्यातलं शेवटचं नावही केव्हाच हेरून ठेवलं होतं.

४

रादोस्लाव हा उस्तादांचा शिष्य, अठरा वर्षं त्यांच्या शेजारच्या चाकावर बसलेला. रविवारीही चाकावरच होता. बोलायला माणूस कंजूष; हात मात्र मातीशी सतत काहीतरी बोलत असायचे.

“मीच पुसली म्हणतात ना?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“म्हणतात. उस्तादांनी तुला मापं सांगितली नाहीत, त्याचा राग.”

“राग होता. खोटं कशाला बोलू?” चाक फिरत राहिलं. “पण मला त्या यंत्राचं बटणसुद्धा कुठं असतं ते माहीत नाही, झ्लातीनाताई. पुसायला तरी यायला हवं माणसाला.”

ते खरं होतं. आणि शून्यं भरायची म्हणजे नुसतं बटण सापडून भागत नाही. या घरात ते कुणाला येत होतं? उत्तर झ्लातीनाच्या जिभेच्या टोकाशी आलं आणि तिथंच अडकलं.

“दारावरचं पाहिलंस का?” रादोस्लाव म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “आज सकाळी लावलंय.”

इथं माणूस गेला की काळ्या चौकटीचा, फोटोचा कागद छापून दारावर, खांबांवर, झाडांवर चिकटवतात. मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. इतके असतात की येताजाता कुणी थांबत नाही. झ्लातीनाही आत येताना तशीच आली होती. आता ती परत दाराशी गेली.

‘सहा महिने तुमच्याविना’, वर लिहिलं होतं. खाली काळ्या चौकटीत उस्ताद मिन्को मनापासून हसत होते, आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर मातीचा गोळा होता.

“माझ्याच हातून उडाली होती ती माती,” रादोस्लाव मागून म्हणाला. “शेवटच्या हिवाळ्यात. इस्क्रानं मोबाइलवर काढला. तो मोबाइल ईस्टरला नदीत पडला. चाळिसाव्याला मी तिच्याकडे मागितला होता हा फोटो, तर म्हणाली, डिस्कमध्ये आहे, काढीन कधीतरी. बरं झालं, काढला होता म्हणायचा.” त्यानं मनगटानं डोळे पुसले आणि गालाला माती लागली.

झ्लातीना तिथून निघाली ती थेट चर्चजवळच्या त्सोन्काच्या छापखान्यात. हे कागद अख्ख्या त्रोयानला त्सोन्काच छापून देते, आणि रविवारीही उघडी असते, कारण मरण वार बघून येत नाही.

“वुल्चानोवांचा ना? इस्क्राच घेऊन आली होती फोटो,” त्सोन्का म्हणाली. “मी म्हटलं, चाळिसाव्याचा आहे माझ्याकडे तयार, तोच लावू. तर नको म्हणाली. हाच हवा.”

“कधी आली होती, त्सोन्कामावशी?”

“शुक्रवारी. का गं? काय झालं?”

गुरुवारी जो फोटो जगात कुठेच उरला नव्हता, तो शुक्रवारी छापून झाला होता.

५

इस्क्रा अंगणात मिरच्या भाजत होती. झ्लातीना समोरच्या बाकावर बसली.

“फोटो छान आलाय,” ती म्हणाली.

इस्क्रानं चिमट्यानं एक मिरची उलटली. मग दुसरी. तिसरीला तिचा हात थांबला.

“लक्षात नाही आलं माझ्या,” ती हळूच म्हणाली. “तुला बोलून बसले होते ते.”

“गालिननं चूक केलीच नव्हती. प्रोग्रॅम तशी करूच देत नाही. तू आधी स्वतः नक्कल करून घेतलीस, दुसऱ्याच कुठल्यातरी डिस्कवर. मग जुनी शून्यांनी पुसलीस. मागच्या वर्षी जुना कॉम्प्युटर देऊन टाकताना कसं पुसायचं, ते मीच शिकवलं होतं तुला. आणि मग रिकामी डिस्क गालिनपुढे ठेवून बाजारात गेलीस.”

इस्क्रा उठली. ओसरीवरच्या फळीवर बरण्या रांगेनं मांडल्या होत्या. शेवटच्या बरणीत चटणी नव्हती, फडक्यात गुंडाळलेली एक डिस्क होती. तिनं बरणी झ्लातीनाच्या पुढ्यात ठेवली.

“रादोसला द्यायची आहे. बाबांची तीच इच्छा होती, फक्त आधी त्याचा हात पिकू दे म्हणायचे. आणि गालिननं कारखान्याला शब्द दिला. बाबांचा हिरवा रंग न्हाणीघरांच्या फरशीवर.”

“मग नाही म्हणायचंस.”

“गालिनला?” इस्क्रा हसली. “बारा वर्षं झाली लग्नाला. नाही म्हटलं तर तो रागावतसुद्धा नाही. समजावतो. जेवताना समजावतो, गाडीत समजावतो, झोपताना समजावतो. शेवटी सुटका म्हणून माणूस हो म्हणतं. मीही म्हटलं. मग वाटलं, जे गेलंच त्यासाठी कोण समजावणार?”

“आणि मी?”

“तुझं... लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील, वाटलं. यंत्रं काय, बिघडतातच.”

झ्लातीनानं रागानं बरणी बाजूला सारली. “चार दिवस माझ्या खिडकीशी कुणी वाकलेलं नाही. उद्या वाचनालयही जाईल. आणि माझं राहू दे. तुझा नवरा जेवत नाहीये, इस्क्रा. त्याला वाटतंय त्यानं तुझ्या बापाला दुसऱ्यांदा मारलं. ते रोज समोर बघत होतीस ना?”

तव्यावरची मिरची करपली. कुणीच ती काढली नाही.

“बघत होते,” इस्क्रा म्हणाली. “रोज सांगायचं ठरवत होते. आणि रोज वाटायचं, सांगितलं की हा पुन्हा समजावायला लागेल.”

“तो फोटो का लावलास? जुनाच लावला असतास तर मला कधीच कळलं नसतं.”

“जुना ओळखपत्रावरचा. चाळिसाव्यापासून तोच होता दारावर, पावसात भिजत. पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसायचे बाबा त्यात. सगळ्यांशी खोटं बोलले मी, पण त्यांना पुन्हा तसं दारावर नाही उभं करू शकले.”

झ्लातीना उठली. तिला इस्क्राची दया येत होती आणि ती दया तिला नको होती.

“डिस्क कुणाला द्यायची ते तुझं तू बघ. पण उद्या सकाळी आठच्या आत गावाला कळलं पाहिजे. कसं, ते तू ठरव.”

६

सोमवारी झ्लातीना साडेसातलाच आली. तिच्या शटरवर एक कागद चिकटवलेला होता. समोरच्या खांबावर तोच, औषधाच्या दुकानाच्या दारावर तोच, पुलाच्या कठड्यावरही तोच.

‘माझ्या वडिलांची डिस्क मी स्वतः पुसली. माझ्या नवऱ्याची चूक नव्हती. झ्लातीनाचा प्रोग्रॅम बरोबर होता, तो उलटं करूच देत नाही. मी दोघांची माफी मागते. इस्क्रा वुल्चानोवा.’

भोवती जाड काळी चौकट होती. त्सोन्काला दुसरा कुठला साचाच ठाऊक नाही. पण त्यामुळे एक झालं, रस्त्यानं येणारा जाणारा ‘कोण गेलं’ म्हणून थांबत होता, आणि थांबला की पूर्ण वाचत होता.

आठ वाजता खिडकीसमोर करड्या रंगाचे, टाचा झिजलेले बूट आले. वाचनालयाच्या बाई गुडघे धरत धरत खाली बसल्या. “बुधवारपासून लागशील का कामाला?” त्यांनी विचारलं. “आणि तोच प्रोग्रॅम घे बाई. तो हट्टी.”

त्या गेल्या, आणि बराच वेळ काळे, पॉलिश केलेले बूट कडेला घुटमळत राहिले. झ्लातीनानं हाक मारली नाही. शेवटी ते पुढे आले आणि गालिन खाली बसला. दाढी तशीच होती. मुठीत एक कागद होता, घड्या घालून घालून चिंध्या झालेला. त्यावर तिचंच अक्षर होतं, ‘वरून खाली. घाई नको.’ पाच दिवस तो खिशात घेऊन फिरत असणार.

“कारखान्याला फोन केला,” तो म्हणाला. “मापं नाहीत म्हणून सांगितलं. रादोसकडे आहेत आता, मागायला तोंड नाही मला.” त्यानं मुठीतला कागद उलगडला. “मी ते विचारायला नाही आलो. मला एवढंच सांग, मी बरोबर दाबलं होतं?”

“हो. वरून खाली. अगदी बरोबर.”

गालिननं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. तो उकिडवा होता, तो हळूहळू फुटपाथवर मांडीच घालून बसला, चांगल्या पँटसकट. झ्लातीनानं आपला कॉफीचा कप खिडकीतून त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो घेतला नाही. तो हातातला कागद गुडघ्यावर ठेवून हातानं सारखा करत होता.

“घाईसुद्धा केली नव्हती मी,” तो म्हणाला.